तळाचं झाकण

पिस्तुलाचं मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची नळी, जमिनीवर पडल्याचा एक ठरावीक आवाज असतो. रिकामं असेल तर पोकळ, थोडं भरलेलं असेल तर जरा जड, पण आवाज एकच. त्या दिवशी तीन आले. आधी 'टक्', मग काहीतरी सुटल्यासारखं 'झ्यंग', आणि मग पितळी काडतुसं काँक्रीटवर घरंगळत गेल्याचा लांबलचक आवाज, थांबता थांबेना. सामना चालू होता, घड्याळ पळत होतं, हातात दुसरं मॅगझिन आलेलं होतं, त्यामुळे खाली बघायची सोय नव्हती. उरलेली लक्ष्यं मारली, पिस्तूल रिकामं करून दाखवलं, चेंबर तपासून झालं आणि मगच मागे वळून पाहिलं. सहा काडतुसं, एक वेडीवाकडी पसरलेली स्प्रिंग, फॉलोअर (स्प्रिंगवर बसून काडतुसं वर रेटणारा तुकडा), आणि बरंच लांब, पार भिंतीपाशी, काळ्या प्लास्टिकचं एक छोटं झाकण. त्यावर पांढऱ्या रंगात माझ्याच अक्षरात '२' लिहिलेलं.

त्या झाकणावर मी तीन संध्याकाळी कानस चालवली होती. ते सहज निघावं म्हणून. निघालं की!

या झाकणाला आम्ही बेस पॅड म्हणतो. काहीजण बेस प्लेट म्हणतात, जुने लोक नुसतं 'तळ'. पिस्तुलाच्या गप्पा रंगतात त्या नळीवर, ट्रिगरवर, मुठीवर. तळाचा विषय निघतो तो फक्त काहीतरी बिघडल्यावर, आणि तेव्हाही तो निघतो सर्वात शेवटी. माझंही तसंच झालं. पिस्तूल जॅम होतंय म्हटल्यावर मी आधी काडतुसांना दोष दिला, मग एक्स्ट्रॅक्टरला, म्हणजे रिकामं कवच ओढून काढणाऱ्या आकड्याला, मग स्वतःच्या मनगटाला. झाकणापर्यंत यायला मला वर्ष लागलं.

मॅगझिन ही खरं तर साधी वस्तू. पत्र्याची उभी नळी. वरच्या तोंडाशी पत्रा दोन्ही बाजूंनी आत वळवलेला, त्या वळणांना फीड लिप्स म्हणतात. काडतूस बाहेर उडून जाऊ नये आणि स्लाइडने, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाने, ढकललं की नेमकं पुढे सरकावं, एवढं काम त्यांचं. आत काडतुसांखाली फॉलोअर, फॉलोअरखाली स्प्रिंग, स्प्रिंगखाली एक छोटी पट्टी आणि पट्टीखाली झाकण. बस्स. पण आपण सगळे स्प्रिंगचा विचार करतो तो वरच्या दिशेने. ती काडतुसं वर ढकलते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ती तितक्याच जोराने खालीही ढकलते, हे मात्र झाकण हातातून उडाल्याशिवाय लक्षात येत नाही. मॅगझिन भरून कपाटात ठेवलेलं असो की रिकामं असो, तळाच्या त्या तुकड्यावर कुणीतरी आतून सतत रेटा देत उभं असतं.

वरचं काम किती घाईचं असतं तेही सांगायला हवं. नऊ मिलिमीटरचं काडतूस जेमतेम ३० मिलिमीटर लांब, वजन साधारण १२ ग्रॅम. दहा काडतुसं म्हणजे १२० ग्रॅमची रास. फैर झाली की स्लाइड मागे जाते, रिकामं कवच फेकते आणि पुढे येते. हे सगळं सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात. तेवढ्या वेळात स्प्रिंगने अख्खी रास वर उचलून पुढचं काडतूस लिप्सला टेकवलेलं असलं पाहिजे. शिवाय त्याच क्षणी पिस्तूल हातात उसळी घेत असतं, म्हणजे रास स्वस्थ बसलेली नसते. फॉलोअर कुठे घासला, स्प्रिंगचा एखादा वेढा पत्र्याला अडला, की काडतूस केसभर उशिरा वर येतं. मग स्लाइड त्याच्या डोक्यावरून निघून जाते, नाहीतर त्याला मध्येच कंबरेत पकडते. भरलेल्या मॅगझिनमध्ये ओझं जास्त पण स्प्रिंग पुरती दाबलेली, म्हणून जोरही जास्त. शेवटच्या काडतुसाला ओझं नाही, पण स्प्रिंगही आळसावलेली. म्हणून तक्रारी येतात त्या बहुधा दोन टोकांच्या: पहिल्या एक-दोन काडतुसांच्या, नाहीतर शेवटच्या एक-दोन. मधल्यांचं सहसा बरं चाललेलं असतं.

माझ्या चार नंबरच्या मॅगझिनची तक्रार शेवटच्या काडतुसाची होती. (माझ्या सगळ्या मॅगझिनना नंबर आहेत. ही सवय ज्याला नाही त्याला 'कधीकधी जॅम होतं' एवढंच सांगता येतं. ज्याला आहे त्याला 'चार नंबर जॅम होतं' असं सांगता येतं. या दोन वाक्यांत कित्येक महिन्यांची डोकेफोड वाचते.) शेवटचं काडतूस नाक खाली घालून अडकायचं आणि मॅगझिन संपल्यावर स्लाइड मागे थांबायची ती थांबायचीच नाही. मी ते आमच्या प्रशिक्षकांकडे घेऊन गेलो. सर फार बोलत नाहीत. त्यांनी फॉलोअरवर अंगठा ठेवला, दोनदा खाली दाबून सोडला, कानाशी धरला.

"कधी उघडलं होतंस?"

"काय?"

"हे. आतून."

मी गप्प. पिस्तूल मी प्रत्येक सरावानंतर पुसत होतो. नळीत ब्रश, मग कापडाच्या चिंध्या पांढऱ्या निघेपर्यंत. मॅगझिनला बाहेरून फडकं मारलं की माझ्या लेखी ते स्वच्छ.

आत काय असतं ते पुढे पाहिलं. बारूद पूर्ण जळत नाही. त्याचे कण आणि काजळी वायूबरोबर मागे येते आणि वाट मिळेल तिथे खाली उतरते. मॅगझिन जमिनीवर पडतं, तेव्हा काडतुसं मोजण्यासाठी बाजूला ठेवलेल्या भोकांतून माती आत जाते. त्यात माझ्यासारख्या कुणीतरी 'गंजू नये' म्हणून आत तेल मारलेलं असतं. तेल अधिक काजळी अधिक माती. मॅगझिन आतून कोरडंच हवं, हे मला नंतर कळलं. मी नेमबाजीची सुरुवात केली ती पॉइंट टू-टू या लहान काडतुसाच्या पिस्तुलावर, तिथे तर आणखी एक भानगड असते: त्या काडतुसाच्या शिशाच्या गोळीला बाहेरून मेणासारखं वंगण लावलेलं असतं. ते थेंबाथेंबाने मॅगझिनमध्ये साठतं आणि थंडीत घट्ट होतं. २५ मीटर रॅपिड फायरमध्ये पाच फैरी आधी ८ सेकंदांत, मग ६, मग ४ सेकंदांत मारायच्या असतात. त्या ४ सेकंदांत मेणात रुतलेला फॉलोअर म्हणजे काय, ते ज्याच्यावर गुदरलंय त्यालाच विचारावं.

हा सगळा गाळ वरून दिसत नाही आणि वरून निघतही नाही. तो बसतो तळाशी, आणि तळाला झाकण.

आता माझ्या पिस्तुलाचं झाकण. पत्र्याच्या नळीचा खालचा काठ दोन्ही बाजूंनी बाहेर वळवलेला, आणि झाकणाच्या दोन्ही बाजूंना आतून खोबणी. खोबण्या काठांवर चढवून झाकण सरकवत बसवायचं. ते परत निसटू नये म्हणून आतल्या पट्टीला एक बटण, ते झाकणाच्या भोकात येऊन बसतं. काढताना बटण आत दाबायचं आणि दाबलेलं ठेवूनच झाकण पुढे, म्हणजे गोळीच्या नाकाच्या दिशेने, सरकवायचं. कागदावर वाचायला फार सोपं. प्रत्यक्षात एका हाताने मॅगझिन धरायचं, दुसऱ्याने पंच, म्हणजे बारीक सळई, दाबायचा आणि तिसऱ्याने झाकण ढकलायचं. तिसरा हात नसल्यामुळे मी स्क्रू ड्रायव्हर वापरला. तो निसटून अंगठा आणि पहिल्या बोटामधल्या मऊ कातडीत गेला. त्याची खूण अजून आहे. दुसऱ्या वेळी झाकण निघालं, पण मी अंगठा तोंडावर ठेवायला विसरलो आणि स्प्रिंग कानाजवळून गेली. तेव्हापासून मी हे काम चष्मा घातल्याशिवाय करत नाही, आणि करताना पिस्तूल व काडतुसं दुसऱ्या खोलीत असतात.

तर असं झाकण माणूस कितीदा उघडेल? मी सांगतो: एकदाही नाही. दर वेळी 'पुढच्या रविवारी बघू' म्हणेल, आणि तो रविवार यायचा तेव्हा येईल. चार नंबर मॅगझिन शेवटी उघडलं तेव्हा तळाशी काळा, चिकट, रवाळ थर होता आणि स्प्रिंगचे खालचे दोन वेढे त्यात पार बुडालेले होते. स्प्रिंग नवी घालायची गरजच नव्हती. पुसून, सुकं करून परत बसवलं आणि मॅगझिन मुकाट्याने चालायला लागलं. एकदा मात्र तेही नाही चाललं, कारण मी स्प्रिंग उलटी बसवली होती. तिचा वरचा वेढा पुढच्या बाजूने उचललेला असतो, फॉलोअरचं नाक वर राहावं म्हणून. उलटी बसली की नाक खाली. आता उघडल्या उघडल्या फोटो काढून ठेवतो. लाज कसली त्यात.

जुन्या लोकांनी या तळाचं काय केलं होतं, याचं मला मध्यंतरी वेड लागलं. १८९३ च्या बोर्शार्ट पिस्तुलात काढता-घालता येणारं मॅगझिन पहिल्यांदा मुठीच्या आत गेलं, आणि त्यातूनच पुढे आलेल्या ल्युगरच्या मॅगझिनला चक्क लाकडी तळ होता, पिन मारून पक्का केलेला. दोन्ही बाजूंना गोल, रेघारेघांचे उंचवटे, बोटांनी धरून खेचता यावं म्हणून. नंतर लाकूड जाऊन ॲल्युमिनियम आणि मग प्लास्टिक आलं, पण ते उंचवटे तसेच राहिले. १८९६ च्या माउझरचं मॅगझिन तर पिस्तुलालाच जोडलेलं, ट्रिगरच्या पुढे. पण त्याचा तळ मात्र एक कळ दाबून सरकवला की खाली निघतो. मॅगझिन निघत नाही, तळ निघतो. मला हा माणसांना ओळखणारा विचार वाटतो: घाण कुठे साठणार हे ज्याने पिस्तूल बनवलं त्याला ठाऊक होतं.

याच्या अगदी उलट ब्राउनिंगचं '१९११' नावाचं पिस्तूल. त्याच्या मूळ लष्करी मॅगझिनचा तळ कायमचा बसवलेला, काढायचाच नाही. साफ करायचं तर वरून फॉलोअर दाबायचा, बाजूच्या भोकातून एक बारीक सळई घालून स्प्रिंग तिथेच अडकवायची, मॅगझिन उलटं करून फॉलोअर हलवून हलवून बाहेर काढायचा आणि मग स्प्रिंग हळूच सोडायची. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, ही काय पीडा! आता तितकं वाटत नाही. खंदकात चिखलात बसलेल्या शिपायाच्या हातून जे निघू शकतं ते हरवूही शकतं. तळच नाही निघाला तर प्रश्नच मिटला. त्यांनी सोय सोडली आणि खात्री घेतली, आणि त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित तेच केलं असतं. माझं पिस्तूल चिखलात जात नाही. ते जातं काँक्रीटवर, तेही मी मुद्दाम टाकतो म्हणून.

हे टाकणं खेळातून आलं. १९७६ साली आयपीएससी ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, प्रॅक्टिकल नेमबाजीला नियम मिळाले, आणि मॅगझिन बदलण्याची घाई ही त्या खेळाची एक कसोटीच होऊन बसली. रिकामं मॅगझिन हातात घेऊन खिशात ठेवायला वेळ कुणाला? कळ दाबा, खाली पडू द्या, नवं ठोका. मग पडताना मार बसतो तो तळाला, आणि ठोकताना तळहाताचा रट्टा बसतो तोही तळालाच. म्हणून लोकांनी १९११ च्या सपाट तळाखाली रबराचे, प्लास्टिकचे जाड तुकडे दोन बारक्या स्क्रूंनी बसवायला सुरुवात केली. आजचे बेस पॅड त्याच वंशातले. काहीजण पितळेचे लावतात. पितळ ॲल्युमिनियमच्या तिप्पट जड, त्यामुळे रिकामं मॅगझिन मुठीतून झटकन खाली येतं. ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९८२ मध्ये घेतलेल्या ग्लॉक पिस्तुलाच्या मॅगझिनचा तळ तर काढायला किती जड म्हणून प्रसिद्ध आहे. त्या झाकणाशी झटापट करताना माणसाच्या तोंडून जे शब्द निघतात ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. पण ते आपोआप निघाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही, हेही खरं.

तर दोन नंबरच्या त्या झाकणाची गोष्ट.

मी केलं काय, तर झाकण घट्ट आहे म्हणून ते सैल केलं. इतका सरळ विचार. वडिलांच्या अवजारांच्या पेटीतली बारीक चपटी कानस घेतली आणि दोन्ही खोबण्या आतून घासल्या. थोडं घासायचं, चढवून बघायचं, पुन्हा थोडं. तिसऱ्या संध्याकाळी झाकण लोण्यासारखं सरकायला लागलं. मग बटणाकडे वळलो. त्याचा काठ काटकोनात होता, तो घासून गोल केला, म्हणजे पुरतं न दाबताही झाकण त्यावरून सरकून यावं. आलं की मग! अंगठ्याने नुसतं रेटलं तरी निघायचं. मी खूश. घरच्या लोकांना दाखवलं. त्यांनी "छान" म्हटलं, जसं म्हणायचं असतं तसं.

सामन्याच्या दिवशी झालं ते वर सांगितलंच. पुढे व्हर्निअर लावून मोजलं. खोबणीचा वरचा ओठ, म्हणजे पत्र्याच्या काठाला जो धरून ठेवतो तो, न घासलेल्या झाकणात १.२ मिलिमीटर जाड होता. माझ्या झाकणात ०.७. एका बाजूला त्याच्यावर पांढरी रेघ उमटली होती. प्लास्टिक सोसण्याच्या पलीकडे वाकलं की तसं पांढरं पडतं. म्हणजे मी कमी केलं होतं ते घर्षण नव्हे. पकडणारा हातच मी सोलून बारीक केला होता. आणि बटणाचा काठ गोल करून निसटायला घसरगुंडीही करून दिली होती.

या पडण्याचा हिशेब सोपा आहे आणि तो मी आधी करायला हवा होता. मॅगझिन मीटरभर उंचीवरून पडलं आणि दोन मिलिमीटरमध्ये थांबलं, तर त्या थांबण्यात गुरुत्वाकर्षणाच्या पाचशे पट जोर असतो. हजार मिलिमीटर भागिले दोन, एवढंच गणित. सहा काडतुसं हातात ७२ ग्रॅमची. त्या पाचशे पटीने ती क्षणभर ३६ किलोंची होतात. स्प्रिंग मध्ये असते, ती थोडं झेलते, काँक्रीटही नेहमी तितकं क्रूर वागत नाही, पण अंदाज यावा म्हणून आकडा पुरे. ३६ किलोंचं पोतं आतून आदळतंय, आणि त्याला अडवायला माझा ०.७ मिलिमीटरचा ओठ.

सरांना झाकण दाखवलं. त्यांनी ते उजेडाकडे धरून बघितलं.

"कुठे अडत होतं?"

"घट्ट होतं, सर. सगळीकडेच."

"सगळीकडे काही नसतं," म्हणाले. "काजळी लावून बघ."

काजळी लावून बघणं म्हणजे काय, तर न घासलेलं झाकण घ्यायचं, खोबणीत मार्करची शाई फिरवायची, वाळू द्यायची, एकदा चढवायचं आणि उतरवायचं. शाई जिथून खरवडली गेली तिथेच ते अडतंय. मी केलं. खोबणीच्या पूर्ण लांबीत शाई जशीच्या तशी. फक्त मागच्या दोन कोपऱ्यांत दोन बारीक चकाकते ठिपके. एका ठिकाणी साच्यातून काढताना राहिलेली प्लास्टिकची पातळ कड होती, नखानेही जाणवावी अशी. दुसऱ्या ठिकाणी दोष झाकणाचा नव्हताच. पत्रा कापताना त्याच्या काठाला धारदार बर राहिली होती, ती प्लास्टिकमध्ये रुतत होती. प्लास्टिकची कड ब्लेडने अलगद खरवडली. पत्र्याची बर धार लावायच्या बारीक दगडावर चार वेळा ओढली. झालं. अर्धा घट्टपणा तिथेच संपला, आणि ओठाची जाडी १.२ ची १.२.

उरलेला अर्धा बटणाचा होता. बटण दाबायला कठीण, कारण त्याच्यामागे स्प्रिंग, आणि भोक इतकं नेमकं की पंच त्यात बसण्याऐवजी काठावरून घसरायचा. भोकाच्या आतल्या भिंतीला हात न लावता बाहेरच्या तोंडाला उतार दिला, नरसाळ्यासारखा. हाताने फिरवायच्या जाड ड्रिलने, तीन वेढे. आता पंच आपोआप मध्यावर येतो. पंच नसला तर पेनाचं टोपणही चालतं. नव्या पट्टीच्या बटणाचा काठ काटकोनातच ठेवला. आणि झाकणाच्या मागच्या बाजूला, जिथून ते पुढे ढकलायचं तिथे, अंगठ्याला पकड यावी म्हणून तीन उथळ आडव्या रेघा कोरल्या. ल्युगरच्या उंचवट्यांची ही माझी गरीब नक्कल.

म्हणजे शेवटी जे जे घासलं त्यातलं काहीच भार सोसणारं नव्हतं. भार सोसतात खोबणीचा ओठ आणि बटणाचा काठ, आणि पहिल्या खेपेला मी नेमके तेच दोन घासले होते. सहज निघणं आणि सैल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती आणि परत तेच केलं असतं.

ही पद्धत सापडल्यावर माणूस थांबतो थोडाच. पुढच्या झाकणाचा वरचा काठ मुठीच्या खालच्या कडेला टेकतो आणि मॅगझिन नीट आत जात नाही, असं मला वाटलं. शंका बरोबर होती: काही पिस्तुलांत झाकण आधी टेकतं आणि कळ लागायची राहते, मॅगझिन बसल्यासारखं दिसतं आणि पहिल्या फैरीनंतर हातात येतं. म्हणून काठ उतरवला, आणि पुन्हा जास्तच उतरवला. आता स्लाइड मागे असताना मॅगझिन जोरात ठोकलं की ते प्रमाणापेक्षा आत जायला लागलं, फीड लिप्स थेट इजेक्टरच्या, म्हणजे रिकामं कवच बाहेर उडवणाऱ्या तुकड्याच्या, दिशेने. मॅगझिनने किती आत जायचं हे ठरवणारा अडसर तोच काठ होता. ते झाकण आता खणात पेन्सिली रोवायला वापरतो.

एका मित्राने मला थ्रीडी प्रिंटरवर झाकणं करून दिली, सुरेख, त्यावर माझे नंबर उठावात. एक काढून हाताने वाकवलं तर थरांच्या रेघेवर सरळ तुटलं. आडवे थर एकावर एक, आणि ओठावर जोर येतो तो थर उकलण्याच्याच दिशेने. उभं ठेवून छापायला हवं होतं. शिवाय ते पीएलए नावाच्या प्लास्टिकचं. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत ठेवलेल्या बॅगेचा भरवसा कोण देणार? नायलॉनचं केलं असतं तर गोष्ट वेगळी. मित्राला मी अजून हे सांगितलेलं नाही. ती झाकणं सरावाला वापरतो, मॅगझिन हातात झेलून.

आणि मोठं, लांब, चमकदार झाकण लावायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण आपण ज्या गटात खेळतो त्याचे नियम आधी वाचावेत. आयपीएससीच्या स्टँडर्ड गटात पिस्तूल मॅगझिनसकट २२५ × १५० × ४५ मिलिमीटरच्या पेटीत बसावं लागतं. आयएसएसएफ या ऑलिंपिक नेमबाजीच्या संघटनेच्या २५ मीटर पिस्तुलांसाठी पेटी ३०० × १५० × ५० ची. झाकण दोन मिलिमीटर जाड झालं म्हणून पेटीचं झाकण लागत नाही, आणि मग त्या पेटीकडे आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघवत नाही. आतून पोकळ, लांब झाकणांचं आणखी एक असतं: स्प्रिंगचा खालचा वेढा त्या पोकळीत इकडेतिकडे सरकतो, स्प्रिंग तिरकी उभी राहते आणि वर फॉलोअर कलतो. त्याला तळाशी नीट बसणारी पट्टी हवीच. पण माझा त्या वाटेला जायचा विचार नव्हता. मला दोन गोळ्या जास्त नको होत्या, रविवारची अर्धी सकाळ परत हवी होती.

सहाही मॅगझिन झाली. मार्कर, दगड, ब्लेड, नरसाळं, तीन रेघा. नवी दोन नंबरची पाटीही रंगवली. प्रत्येक मॅगझिन, सरावाची डमी काडतुसं भरून, छातीइतक्या उंचीवरून काँक्रीटवर दहा-दहा वेळा टाकलं, कधी सपाट, कधी मागच्या कोपऱ्यावर, कारण मागचा कोपरा आपटला की झाकण पुढे ढकललं जातं आणि सगळी मदार बटणावर येते. एकही निघालं नाही. मग पेनाच्या टोपणाने एकेक उघडलं, चार सेकंदांत एक. इतकं समाधान मला कुठल्याही स्कोअरने दिलेलं नाही.

दोन महिन्यांनी रेंजवर सरांनी माझ्या पट्ट्यातून चार नंबर ओढून काढलं. टेबलाच्या कडेवर तळ दोनदा आपटला. झाकण जागचं हललं नाही. खिशातलं पेन काढलं, टोपण भोकाला लावलं, अंगठा सरकवला, झाकण त्यांच्या तळहातात. भुवई किंचित वर गेली. त्यांच्याकडून एवढंच मिळतं. मग त्यांनी करंगळी मॅगझिनच्या आत घातली, तळाच्या कडेने फिरवली आणि बाहेर काढून माझ्यासमोर धरली. नखापासून पेरापर्यंत काळी.

"चांगलं उघडतं," म्हणाले. "कधी उघडलं होतंस?"